चेहऱ्याआधी कवटी

माणसाचे डोके काढायला सांगितले, की बहुतेक जण डोळे वरच्या भागात, जवळजवळ कपाळावर काढतात. प्रत्यक्षात प्रौढ माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. आरशासमोर पट्टी धरून कोणीही हे पडताळू शकतो. चूक होते याचे कारण, समोरच्याकडे पाहताना आपले लक्ष डोळे, नाक आणि तोंड एवढ्यावरच खिळलेले असते. त्यांच्या वरची कवटी आपण पाहतो, पण मोजत नाही.

संगणकावर हुबेहूब मानवी डोके घडवायला शिकणाऱ्यांची पहिली अडचण हीच असते. ‘ब्लेंडर’सारखे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते, त्यामुळे नाशिकमधला एखादा विद्यार्थीही घरच्या संगणकावर हा उद्योग सुरू करू शकतो. पडद्यावर एक गोळा येतो. माऊसने किंवा पेनने तो ओढायचा, दाबायचा, खरवडायचा. शाडूच्या मातीसारखेच काम, फक्त हात बरबटत नाहीत आणि चुकलेले परत घेता येते. नवशिक्या उत्साहाने थेट पापण्या, ओठ आणि सुरकुत्या कोरायला बसतो. तासाभराने पडद्यावर जे दिसते ते माणसाचे नसून फुग्यावर चिकटवलेल्या नाकडोळ्यांचे असते.

सुरगाणा, पेठ या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा रंगतो. त्यातल्या मुखवट्यांचे मोठे डोळे आणि रुंद जबडा मुद्दामच ठसठशीत केलेला असतो, कारण तो दुरून ओळखू यायला हवा. तिथे अतिशयोक्ती हाच गुण. खऱ्या चेहऱ्यात मात्र गालाचा उंचवटा दोनतीन मिलिमीटर सरकला, तरी माणूस निराळा दिसतो. म्हणून जाणकार शिक्षक त्वचेला हात लावू देत नाहीत. आधी कवटी.

कवटीत २२ हाडे असतात. त्यांतले हलणारे हाड एकच, खालचा जबडा. भुवयांखालची कड, गालाचे हाड, जबड्याचा कोन आणि हनुवटी या ठिकाणी हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. चेहऱ्याचा आराखडा याच खुणांवर उभा राहतो. डोळ्याच्या खोबणीत सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा गोल आधी बसवायचा आणि पापण्या त्यावरून ओढायच्या. पापणी सपाट कोरली, की डोळा कागदी दिसतो. मग चावण्याचे स्नायू, तोंडाभोवतीचा गोलाकार स्नायू, गालातली चरबी. त्वचा सगळ्यांत शेवटी. आणखी एक मोह टाळावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूला केलेला बदल दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवण्याची सोय असते. सुरुवातीला ती उपयोगी पडते, पण शेवटपर्यंत चालू ठेवली तर चेहरा बाहुलीसारखा होतो. कोणाचीही दोन गालफडे तंतोतंत सारखी नसतात.

हाडावरून चेहरा उभा करण्याचे शास्त्र संगणकाच्या फार आधीचे आहे. जर्मनीत १८९५ मध्ये विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांच्या चेहऱ्यात सुया टोचून मांसाची जाडी मोजली. त्या मापांवरून शिल्पकार कार्ल झेफनर यांनी संगीतकार बाख यांची मानली जाणारी कवटी मातीने मढवली. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण राखीगढीचे. हरियाणातल्या या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. तिथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतल्या दोन कवट्यांचे सीटी स्कॅन घेऊन भारतीय आणि दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी संगणकावर त्यांचे चेहरे उभे केले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रांतून ‘हडप्पाचा माणूस असा दिसत होता’ असे मथळे झळकले, पण ते जरा सबुरीनेच वाचायला हवेत. नाकाचे वरचे हाड टिकते, शेंड्याची कूर्चा टिकत नाही. तो भाग खालच्या हाडाच्या ठेवणीवरून अंदाजाने काढतात. कानाच्या पाळीचा तर माग जवळजवळ नसतोच. ती माणसे तशी दिसत असावीत इतकेच अशा चित्रावरून म्हणता येते.

जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र इतका अंदाज चालत नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात थैमान घातले. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून वरच्या जबड्यात आणि डोळ्याच्या खोबणीत शिरते. जीव वाचवायला मेलेला भाग काढून टाकावा लागतो, आणि कित्येक रुग्ण टाळू, दात, कुणी डोळाही गमावून घरी परतले. घास नाकात येतो, बोलणे कळत नाही, बाहेर पडायची हिंमत होत नाही.

अशा रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून पडद्यावर कवटीचे त्रिमितीय रूप तयार करतात. शाबूत बाजूची उलटी प्रत घेऊन ती गमावलेल्या बाजूवर बसवतात. शिकताना जी सोय शेवटी बंद करायची, तीच इथे कामाला येते. तरीही डॉक्टरला कडा जुळवाव्या लागतात, गालाचा उतार हाताने ठरवावा लागतो. दोन्ही बाजू गेल्या असतील तर जुने फोटो आणि शरीररचनेचे ज्ञान एवढाच आधार. मग टायटॅनियमचा भाग छापता येतो किंवा सिलिकॉनचा कृत्रिम अवयव करण्यासाठी साचा. नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय आणि दंत महाविद्यालये जोडलेली आहेत. तिथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी डोके आणि मान यांची शरीररचना शिकतात. तेच धडे इथे उपयोगी पडतात.

शेवटचे काम पुन्हा हाताचेच. सिलिकॉनला रंग देताना रुग्णाला उजेडात बसवून त्याच्या गालाशी तुकडा ताडून पाहावा लागतो. उन्हाने आणि घामाने तो रंग उडतो, त्यामुळे अवयव काही काळाने नव्याने करावा लागतो. संगणकातला साचा नीट जपून ठेवला असेल, तर रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून माप द्यावे लागत नाही.