धरमतरचा धक्का आणि एक्स्प्लॉइटची निवड : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

अंबा नदी पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या मधून धरमतर खाडीत उतरते. डोलवीच्या पोलाद कारखान्याला लागणारे लोहखनिज आणि कोळसा मुंबईनजीकच्या खोल पाण्यातून बार्जेसमध्ये भरून, भरतीची वेळ साधून, याच खाडीतून धक्क्याला लागतो आणि तेथून कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून कारखान्याकडे जातो. थोड्या अंतरावर, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखान्यांच्या रांगा आहेत. अशा ठिकाणी पट्टा, क्रेन, झडप आणि भट्टी यांना चालू-बंद होण्याची आज्ञा पीएलसी नावाचे छोटे औद्योगिक संगणक देतात, तर वजनकाट्याच्या पावत्या, मालाचा हिशेब आणि पगारपत्रके कार्यालयातल्या नेहमीच्या संगणकांवर तयार होतात. या दोन्ही जाळ्यांमध्ये परका माणूस कुठवर शिरू शकेल, हे मालकाच्या लेखी परवानगीने प्रत्यक्ष शिरून पाहण्याला पेनिट्रेशन टेस्टिंग किंवा भेदनचाचणी म्हणतात. सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन आत शिरवणारा तयार प्रोग्रॅम म्हणजे एक्स्प्लॉइट. चाचणीत कोणता एक्स्प्लॉइट आधी वापरावा, कोणता मागे ठेवावा आणि कोणत्याला हातच लावू नये, या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज साचलेले आहेत आणि त्यांतले काही चाचणी विकणाऱ्यांनीच पसरवलेले आहेत.

सर्वांत रूढ समजूत अशी, की ज्या त्रुटीचे गुण सर्वाधिक तिचा एक्स्प्लॉइट आधी चालवायचा. हे गुण सीव्हीएसएस या पद्धतीने दिले जातात. जगात जाहीर होणाऱ्या त्रुटींना १९९९ पासून सीव्हीई हा ओळखक्रमांक दिला जातो आणि त्यांच्या तीव्रतेचे मोजमाप शून्य ते दहा या पट्टीवर मांडले जाते. परंतु हे मोजमाप त्रुटीचे असते, ती ज्या जागी आहे त्या जागेचे नसते. २०१४ साली उघडकीला आलेल्या हार्टब्लीड या त्रुटीला त्या वेळच्या पट्टीवर केवळ ५.० गुण मिळाले होते, आणि तरीही तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यासुद्धा, प्रत्येक खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत बाहेर काढता येत होता. याउलट, ९.८ गुणांची त्रुटी ज्या संगणकावर आहे तो संगणक बाहेरून गाठताच येत नसेल, किंवा तो गाठून पुढे कुठेच जाता येत नसेल, तर चाचणीच्या क्रमात तिची जागा खालीच राहते.

या त्रुटींची संख्याही ध्यानात घ्यावी लागते. २०२४ या एका वर्षात सुमारे ४०,००० सीव्हीई क्रमांक जाहीर झाले. मात्र जाहीर झालेल्या त्रुटींपैकी प्रत्यक्ष हल्ल्यात कधी ना कधी वापरल्या गेलेल्यांचे प्रमाण दोन ते सात टक्क्यांच्या दरम्यान आहे, असा फर्स्ट या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. हीच संघटना ईपीएसएस नावाचा आकडा रोज प्रसिद्ध करते, आणि तो एखादी त्रुटी पुढच्या तीस दिवसांत हल्ल्यात वापरली जाण्याची शक्यता दाखवतो. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी ठेवते. या दोन्ही साधनांनी गुणांच्या आंधळ्या क्रमवारीला चांगला पर्याय दिला हे खरे. परंतु त्यांनाच अंतिम शब्द मानणे हा नवा गैरसमज ठरेल. ईपीएसएसचा अंदाज प्रामुख्याने इंटरनेटवर टिपल्या गेलेल्या हल्ल्यांवरून बांधला जातो, आणि खाडीकाठच्या पट्ट्याची गती ठरवणारा पीएलसी त्या निरीक्षणात क्वचितच सापडतो. त्याच्या त्रुटीपुढे आकडा नगण्य दिसतो, म्हणून धोका नगण्य असे होत नाही.

‘पॅच लावला की दार बंद’ या समजुतीचा फोलपणा रायगड जिल्ह्यातच पाहायला मिळाला. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतील त्रुटींवरचा दुरुस्तीसंच, म्हणजे पॅच, १४ मार्च २०१७ रोजी दिला. त्यानंतर एका महिन्याने शॅडो ब्रोकर्स या गटाने त्याच त्रुटींवरचा ‘इटर्नलब्लू’ हा एक्स्प्लॉइट उघड केला आणि मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याचाच वापर करून जगभर धुमाकूळ घातला. त्यातील सीव्हीई-२०१७-०१४४ या त्रुटीचे सुरुवातीचे गुण ८.१ होते, म्हणजे गुणांच्या यादीत तिच्या वर त्या वर्षीच्या कितीतरी त्रुटी होत्या. २७ जून रोजी युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम सुटला. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्याच समूहातील एपीएम टर्मिनल्सकडून चालवले जाणारे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनर कोणता, कोणाचा आणि कुठे ठेवलेला, ही सगळी माहिती संगणकात अडकल्यामुळे कामे हाताने उरकावी लागली. मर्स्कने आपले एकूण नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले.

एक्स्प्लॉइटच्या निवडीच्या दृष्टीने या घटनेतील महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. नॉटपेट्या केवळ इटर्नलब्लूवर विसंबून नव्हता. एका संगणकात शिरल्यावर तो त्याच्या स्मृतीतून वापरकर्त्यांची लॉगिन माहिती उचलत असे आणि तीच वापरून, विंडोजच्या स्वतःच्या व्यवस्थापन-साधनांच्या मदतीने, पॅच लावलेल्या संगणकांवरही चढत असे. म्हणजे हजार संगणकांपैकी एकच दुरुस्तीविना राहिलेला असला आणि त्यावर प्रशासकाने कधी लॉगिन केलेले असले, तर उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचा पॅच त्या वाटेवर उपयोगी पडत नव्हता. जो चाचणीकार अशा जाळ्यात जाऊन इटर्नलब्लू चालवतो, ‘लागू पडत नाही’ असा शेरा मारून पुढे सरकतो आणि अहवाल देतो, त्याने काम अर्ध्यावर सोडलेले असते. जाणकार चाचणीकार बऱ्याचदा एकही एक्स्प्लॉइट न वापरता सगळ्या यंत्रांवर एकच असलेला प्रशासकाचा पासवर्ड, बंद न केलेले जुने खाते किंवा देखभाल करणाऱ्या ठेकेदारासाठी उघडी ठेवलेली दूरची जोडणी यांतून आत जातो. एक्स्प्लॉइट चालवला तरच खरी चाचणी, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

एक्स्प्लॉइट एकतर लागू पडतो किंवा पडत नाही आणि न पडला तर काहीच बिघडत नाही, अशीही एक सोयीची कल्पना आहे. वस्तुतः फसलेला एक्स्प्लॉइट हा यशस्वी एक्स्प्लॉइटपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. मेटास्प्लॉइट या प्रचलित साधनसंचात प्रत्येक एक्स्प्लॉइटला विश्वासार्हतेचा दर्जा दिलेला असतो. ‘एक्सलंट’ हा सर्वोच्च दर्जा ज्यांच्यामुळे लक्ष्य-सेवा कधीच कोसळत नाही त्यांनाच मिळतो, आणि त्यांत मुख्यतः सर्व्हरला चुकीची आज्ञा पाळायला लावणारे प्रकार येतात. स्मृतीची मांडणी विस्कटून आत शिरणारे प्रकार सहसा त्या खालच्या दर्जांत राहतात. मे २०१९ मध्ये जाहीर झालेली ब्लूकीप ही विंडोजची त्रुटी ९.८ गुणांची होती. तिचा मेटास्प्लॉइटमधील एक्स्प्लॉइट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला तेव्हा लक्ष्य-यंत्राची नेमकी आवृत्ती चालवणाऱ्याने स्वतः सांगावी लागत असे, आणि ती चुकली तर समोरचा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये खरे हल्ले लक्षात आले तेही संशोधकांनी आमिष म्हणून मांडलेले संगणक एकामागून एक कोसळू लागल्यामुळेच. आधी इटर्नलब्लू की आधी ब्लूकीप, या प्रश्नाचे उत्तर केवळ गुणांवरून दिले, तर चाचणीचा दिवस वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

कार्यालयातला सर्व्हर कोसळला तर तो पुन्हा सुरू करता येतो. कारखान्याच्या जाळ्यात मात्र साधी विचारपूससुद्धा महागात पडू शकते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने औद्योगिक नियंत्रण यंत्रणांविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत अशा घटना नोंदवल्या आहेत. एका ठिकाणी जाळ्यातील चालू यंत्रे शोधण्यासाठी केवळ ‘पिंग’ संदेश पाठवले जात असताना नऊ फुटी यांत्रिक हात अचानक १८० अंशांत फिरला. सुदैवाने त्या खोलीतले कोणीही त्याच्या टप्प्यात नव्हते. दुसरीकडे, एका गॅसवाहिनी कंपनीने आपल्या कार्यालयीन जाळ्याची भेदनचाचणी मागवली होती, परंतु चाचणीकार निष्काळजीपणे नियंत्रण यंत्रणेला जोडलेल्या भागात शिरल्याने ती यंत्रणा अडकून पडली आणि वाहिन्यांतून चार तास गॅस सोडता आला नाही. यापैकी कोणत्याही ठिकाणी एखादा भयंकर एक्स्प्लॉइट वापरला गेलेला नव्हता.

धरमतरसारख्या ठिकाणी म्हणूनच क्रम ठरवताना पहिला प्रश्न ‘कुठून आणि कुठवर’ हा असतो. कार्यालयातील ईमेल वापरणाऱ्या संगणकावरून वजनकाट्याच्या सर्व्हरपर्यंत, तेथून नियंत्रण कक्षातील अभियंत्याच्या संगणकापर्यंत आणि तेथून पीएलसीपर्यंत वाट आहे का, हे शोधताना कार्यालयीन टोकाला एक्स्प्लॉइट चालवणे रास्त असते; पट्ट्याच्या पीएलसीशी मात्र ती वाट दाखवून थांबणे पुरते, आणि त्यापुढची तपासणी त्याच बनावटीच्या, धक्क्याशी न जोडलेल्या सुट्या यंत्रावर करता येते. भरतीच्या तासात बार्ज धक्क्याला लागलेली असताना पट्टा थांबला, तर मालाचा खोळंबा पुढच्या भरतीपर्यंत लांबू शकतो, याची जाणीव गुणांच्या कोणत्याही पट्टीत नसते. धाटावसारख्या वसाहतीत ही मर्यादा आणखी कडक ठेवावी लागते. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात ‘ट्रायटन’ या प्रोग्रॅमने अपघातापूर्वी प्रक्रिया आपोआप थांबवणाऱ्या सुरक्षा-नियंत्रकांनाच लक्ष्य केले होते, आणि त्या गोंधळात प्रकल्प बंद पडल्यामुळेच घुसखोरी उघडकीला आली. चालू प्रकल्पातील असे सुरक्षा-नियंत्रक एक्स्प्लॉइटच्या यादीतून बाहेर ठेवावेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

उरलेल्या दोन समजुती थोडक्यात निकाली काढता येतात. जाहीर उपलब्ध असलेला एक्स्प्लॉइट कुठूनही उतरवून चालवावा, हे धोक्याचे आहे, कारण अशा अनेक फायलींत चालवणाऱ्याच्याच संगणकावर डल्ला मारणारा भाग दडवलेला आढळला आहे. तो ओळीओळीने वाचल्याशिवाय आणि प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ग्राहकाच्या जाळ्यात नेऊ नये. दुसरी समजूत अशी, की हेतू चांगला असला की परवानगी तोंडी चालते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात केलेल्या प्रवेशाला भरपाईस पात्र ठरवते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगीपत्रात जाळ्यांचे पत्ते, चाचणीचे तास, वर्ज्य यंत्रे आणि काही बिघडल्यास कोणाला फोन करायचा हे सारे लिहिलेले असावे लागते. क्रेनची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे असेल, तर तिच्या संगणकांसाठी त्या कंपनीची वेगळी संमती घ्यावी लागते.

अहवालाबाबतही एक अपेक्षा चुकीची असते. ‘किती एक्स्प्लॉइट यशस्वी झाले’ हा आकडा व्यवस्थापनाला आवडतो, पण न चालवलेल्या एक्स्प्लॉइटची यादी, प्रत्येकापुढे न चालवण्याच्या कारणासह, त्याहून कामाची असते: हा सेवा कोसळवतो, हा सुरक्षा-नियंत्रकाला भिडतो, याचा दर्जा कमी आहे, यासाठी संमती मिळाली नाही. यांपैकी ज्यांची खातरजमा यंत्रे थांबलेली असतानाच करता येते, अशा बाबी पुढच्या नियोजित देखभाल-बंदच्या कामांत समाविष्ट करता येतात, आणि तोवर त्या यंत्रांकडे जाणारी वाट जाळ्याच्या मधल्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, बंद ठेवता येते.