लाटेचे ४८० कोटी आकडे, उत्तर एकच

पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली की नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल पाहायला रीघ लागते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, किल्ला आणि शेजारचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बसवला गेला. ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि चार शतकं हा बांध ते अंगावर घेत उभा आहे. दगडी बांधकामाला हे जमतं. मातीच्या धरणाला जमत नाही.

आजचे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले मोठे जलाशय मात्र मातीच्या भरावानं अडवलेले आहेत. लोहारा तालुक्यात माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प, परंड्याकडचा सीना-कोळेगाव. दोन्हीकडे पुराचं पाणी सोडायला सांडवा वेगळा आणि बाकीची लांबलचक भिंत मातीची. या भिंतीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं तर माती धुपत जाते आणि खिंडार पडायला वेळ लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतला मातीचा माथा खचला, पाणी त्यावरून गेलं आणि धरण फुटून पुण्यात आलेला पूर महाराष्ट्र विसरलेला नाही.

म्हणूनच मातीच्या धरणाचा माथा महत्तम पूर पातळीच्या बराच वर ठेवतात. मधल्या या मोकळ्या उंचीला अभियंते फ्रीबोर्ड म्हणतात. ती किती असावी हे ठरवताना लाटेचा हिशेब मांडावाच लागतो. भारतीय मानक १०६३५ याच विषयावर आहे. उघड्या पाण्यावरून वारा सुटला की लाटा उठतात, भिंतीच्या उतारावर आपटतात आणि वर चढतात. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासचा वारा पाच किलोमीटर पाण्यावरून सलग वाहिला, तर रूढ सूत्रांनुसार पाऊण ते एक मीटर उंचीच्या, सुमारे तीन सेकंदांनी एक अशा लाटा येतात. अशी लाट गुळगुळीत उतारावर स्वतःच्या उंचीच्या दीड-दोन पट वर चढू शकते. उतारावर रचलेल्या दगडांच्या, म्हणजे पिचिंगच्या, खडबडीत अंगावर ती बरीच कमी चढते. पिचिंगचे दगड जागोजाग निखळले असतील तर काय, याला साधं सूत्र पुरत नाही. तिथे संगणकावरचं सिम्युलेशन कामाला येतं.

पद्धत अशी. धरणाचा उभा छेद घ्यायचा आणि त्यावर बारीक चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक घरात चार आकडे: पाण्याचा आडवा वेग, उभा वेग, दाब आणि त्या घराचा किती हिस्सा पाण्यानं भरला आहे तो. हा शेवटचा आकडा शून्य म्हणजे निव्वळ हवा, एक म्हणजे पूर्ण पाणी. हर्ट आणि निकोल्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही लाटांच्या सिम्युलेशनचा पाया आहे. ओपनफोमसारखं मोफत सॉफ्टवेअर हे आकडे क्षणाक्षणाला पुढे नेत राहतं.

आता आकार मोजू. २०० मीटर लांब आणि २० मीटर उंच छेद, १० सेंटिमीटरची घरं: चार लाख घरं झाली. शंभर लाटा जाऊ द्यायच्या तर ३०० सेकंद लागतील. दर दशांश सेकंदाला नोंद ठेवली तर ३,००० नोंदी. चार लाख गुणिले चार गुणिले तीन हजार, म्हणजे ४८० कोटी आकडे. धरणाच्या अभियंत्याला हवा असतो एकच: लाट माथ्यापासून किती खाली थांबेल? या ४८० कोटींतून तो एक आकडा काढण्याच्या कामाला पोस्ट-प्रोसेसिंग म्हणतात. हे काम सिम्युलेशनची शेपटी समजून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. माझं ठाम मत आहे की उत्तराचा खरेपणा इथेच ठरतो.

पहिला प्रश्न अगदी साधा वाटतो: पाण्याचा पृष्ठभाग कुठे आहे? जाळीत पृष्ठभाग नावाची रेषा नसतेच, भरलेपणाचे आकडे असतात. एका उभ्या रांगेत खालची घरं पूर्ण भरलेली, त्यावरचं घर ०.७ आणि त्याच्या वरचं ०.२ भरलेलं आहे असं समजू. घरं १० सेंटिमीटरची, म्हणून ७ अधिक २, पृष्ठभाग भरलेल्या घरांच्या ९ सेंटिमीटर वर. दुसरी रीत म्हणजे भरलेपण ०.५ होईल ती जागा शोधायची. इथे तीही ९ सेंटिमीटरच देते. संथ लाटेवर दोन्ही रीती जुळतात. लाट फुटते तेव्हा फारकत होते. पुढे कललेल्या पाण्याच्या जिभेखाली हवा अडकते, एकाच उभ्या रेषेवर तीन पृष्ठभाग सापडतात. बेरजेची रीत हवा वगळून पाण्याची एकूण उंची सांगते, दुसरी रीत तीन उत्तरं देते. कोणती रीत वापरली हे अहवालात लिहिलं नसेल, तर पुढचे सगळे आलेख अधांतरी राहतात.

उतारावर चढणाऱ्या पाण्याचं दुखणं याहून नाजूक आहे. लाटेचं टोक वर जाता जाता पातळ होत जातं. जाळीचं घर १० सेंटिमीटरचं असेल तर ३ सेंटिमीटर जाडीच्या थरावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून किती जाडीपर्यंतचं पाणी ‘पोहोचलं’ म्हणायचं ते आधी ठरवावं, आणि त्या भागात जाळी अधिक बारीक करावी.

दुसरा सापळा रंगांचा. पॅराव्ह्यूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाचं चित्र काढलं की लाटेच्या माथ्यावर लालभडक पट्टे दिसतात आणि पाहणारा थक्क होतो. अनेकदा तो वेग हवेचा असतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. पृष्ठभागाशी गणितातली छोटी चूकही तिला भलत्याच वेगानं पळवते. वेगाला भरलेपणाच्या आकड्यानं गुणलं की हवेचा वेग गळून पडतो आणि पाण्याचा उरतो.

तिसरी गोष्ट, लाट मोजायची कुठे? एक मीटर उंचीची एकसारखी लाट येते आणि तिचा पाचवा हिस्सा धरणावरून परत फिरतो असं धरा. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी १२० सेंटिमीटर उंची मिळेल, तर तिथून जेमतेम साडेतीन मीटरवर ८० सेंटिमीटर. दोन्ही मोजमापं बरोबर आहेत आणि दोन्हीतून येणारी लाट कळत नाही. जपानमध्ये गोडा आणि सुझुकी यांनी १९७६ मध्ये दोन ठिकाणच्या नोंदींवरून, तर मॅनसार्ड आणि फुंके यांनी १९८० मध्ये तीन ठिकाणच्या नोंदींवरून या लाटा वेगळ्या काढण्याची रीत दिली. सिम्युलेशन सुरू करण्याआधीच ही ठिकाणं ठरवलेली असली तर काम सोपं होतं.

वेळेचंही असंच आहे. तीन सेकंदांच्या लाटेचा आकार पकडायला दशांश सेकंदाची नोंद पुरेशी आहे. पण फुटणारी लाट दगडावर थाडकन आदळते तो दाबाचा झटका काही मिलिसेकंदांत संपतो. तो दोन नोंदींच्या मधून निसटतो. म्हणून पिचिंगवरच्या ठरावीक बिंदूंचा दाब गणिताच्या प्रत्येक पावलाला नोंदवावा.

मग आकडेमोड. पाणी स्थिर असताना लाटा सुरू केल्या तो पहिला काळ वगळायचा. सरासरी पातळी खालून वर ओलांडल्यापासून पुन्हा तशीच ओलांडेपर्यंत एक लाट धरायची. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी म्हणजे लक्षणीय लाट-उंची. चढाईसाठी जगात बऱ्याच ठिकाणी शंभरातल्या दोनच लाटा ओलांडतील ती पातळी घेतात. आपल्या सिम्युलेशनमध्ये एकूण लाटाच शंभर, म्हणजे धरणाची उंची ठरवायला आधार दोन लाटांचा! इतक्यावर विसंबून चालणार नाही. हजार लाटा हव्यात, म्हणजे ४,८०० कोटी आकडे. ते सगळे साठवण्यात अर्थ नाही. कोणते हवेत हे प्रश्नावरून आधीच ठरवायला हवं.

सर्वांत मोठी कसोटी शेवटी. जाळीची घरं २०, १० आणि ५ सेंटिमीटरची करून तेच गणित तीनदा सोडवायचं. घर निम्मं केलं की या उभ्या छेदातलं काम साधारण आठपट होतं, तरीही हे टाळू नये. उत्तर प्रत्येक वेळी सरकत असेल तर ते पाण्याचं नाही, जाळीचं उत्तर आहे. त्याआधी उतारच नसलेल्या सपाट कुंडात लाट सोडून पाहावी. लाट पुढे जाताना उगाच खुजी होत असेल तर गणितच तिची ऊर्जा खातं आहे, आणि धरणापाशी मिळणारी चढाई खऱ्यापेक्षा कमी दिसेल. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

एवढं करूनही खऱ्या पाण्याशी तुलना हवीच. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये सुरू झालं; तिथे छोट्या प्रतिकृतींवर लाटा सोडून मोजमापं घेतली जातात. संगणकाच्या लाटेला अशा मोजमापांशी ताडून पाहिल्याखेरीज धरणावर नेऊ नये.

आज यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बरा संगणक धाराशिव-तुळजापूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही मिळू शकतो. जिल्ह्यातल्या तलावांच्या भिंतींवर असे अभ्यास त्यांनी हाती घ्यावेत. मात्र त्यांच्याकडून रंगीत चलचित्रावर समाधान मानू नये. चढाईचा आकडा किती, तो किती सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, किती लाटांवरून काढला, पृष्ठभाग कसा ठरवला आणि जाळी बारीक केल्यावर तो किती बदलला, हे पाच प्रश्न मार्गदर्शकानं विचारावेत. या पाचांची उत्तरं ज्या अहवालात असतील, तोच धरणाच्या माथ्याची उंची ठरवणाऱ्यांच्या टेबलावर जावा.