विश्लेषण : पैसे आपले, मग सेट टॉप बॉक्स कुणाचा?

चिंचपोकळी, लालबाग, करी रोड या पट्ट्यात जुन्या चाळी पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना टीव्ही, फ्रीज, कपाट, देव्हारा सगळे टेम्पोत चढते. टीव्हीखालचा काळा डबाही वायर गुंडाळून पिशवीत जातो. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात पोहोचल्यावर मात्र तिथला केबलवाला सांगतो, ‘हा आपल्याकडे चालणार नाही, नवीन घ्यावा लागेल.’ डबा बिघडलेला नसतो, बिलही थकलेले नसते. तरीही तो चालत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी हा डबा नेमके काय करतो आणि तो घरात आला कसा, हे पाहावे लागेल.

डब्याआधी काय होते?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणारे सिग्नल पकडायला कौलांवर आणि गच्चीवर अँटेना उभे राहिले. चिंचपोकळीपासून वरळी जवळच, त्यामुळे सिग्नल जोरदार मिळे. पण हेच सिग्नल आजूबाजूच्या उंच बांधकामांवर आपटून पुन्हा येत आणि पडद्यावर प्रत्येक माणसाला एक सावली चिकटे. मग एक जण वर अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं… गेलं!’ असा आरडाओरडा चाले. गिरणी संप सुरू झाला त्याच वर्षी, १९८२ मध्ये, रंगीत प्रक्षेपण आले. गिरणगावात अनेक घरांत ते पोहोचायला त्यामुळेच आणखी वेळ लागला असणार.

नव्वदच्या दशकात केबल आली. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबणारी काळी वायर, जिन्यात खोका करून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन येणारा केबलवाला, एवढाच या व्यवस्थेचा पसारा होता. वायर टीव्हीत खोचली की चित्र दिसे, कारण त्या काळचे ॲनालॉग सिग्नल टीव्हीला थेट समजत. स्प्लिटर लावून शेजारच्या खोलीत वायर दिली तरी कुणाला कळत नसे.

मग डब्याची गरज का पडली?

एक कारण तांत्रिक आहे. ॲनालॉग पद्धतीत एक वाहिनी तारेतली सात-आठ मेगाहर्ट्झची जागा अडवते, त्यामुळे साधारण शंभरेक वाहिन्यांतच तार भरते. डिजिटल पद्धतीत चित्र आकड्यांत बदलून दाबून भरले जाते. एका जुन्या वाहिनीच्या जागेत दहा-बारा साध्या वाहिन्या बसतात आणि नव्या पद्धतीने दाबल्या तर त्याहूनही अधिक. हे दाबलेले आकडे उलगडून पुन्हा चित्र आणि आवाज करणे, हे सेट टॉप बॉक्सचे पहिले काम.

खरे कारण मात्र मोजणीचे होते. गल्लीत पाचशे घरांत वायर गेली असेल तर वर कळवताना आकडा किती सांगायचा, हे केबलचालकाच्या हाती होते. वाहिन्यांचा महसूल आणि सरकारचा करमणूक कर या आकड्यावरच ठरे. प्रत्येक घरात क्रमांक असलेला डबा बसला की घरे आपोआप मोजली जातात. प्रेक्षकांच्या सोयीपेक्षा या हिशेबाची निकड मोठी होती, हे मान्य करायला हरकत नाही.

डबा कुलूप कसे उघडतो?

डब्याचे दुसरे काम कुलपाचे. सशुल्क वाहिन्या मुख्य केंद्रातून निघतानाच सांकेतिक करून पाठवल्या जातात. त्या उलगडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्लीही सिग्नलबरोबरच येते, पण तीही बंद लखोट्यात. तो लखोटा उघडण्याचा अधिकार तुमच्या डब्यातल्या कार्डाला किंवा चिपला आहे का, याचा संदेश केंद्रातून त्या डब्याच्या क्रमांकावर वेगळा पाठवला जातो. पैसे भरले की अधिकार मिळतो, थकले की काढून घेतला जातो. गावाहून परतल्यावर वाहिन्या दिसत नाहीत आणि केबलवाला फोनवर ‘डबा चालू ठेवा, सिग्नल मारतो’ म्हणतो, तेव्हा तो हाच संदेश पुन्हा पाठवायला लावत असतो. डबा बंद असेल तर संदेश झेलणार कोण?

चाळ बदलल्यावर डबा मुका होतो तो इथेच. वर सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी, म्हणजे एमएसओ, आपल्या पसंतीची कुलूपव्यवस्था विकत घेते आणि डब्यात तीच बसवून देते. नव्या वस्तीतला केबलवाला दुसऱ्या एमएसओकडून सिग्नल घेत असेल तर त्याच्या किल्ल्या तुमच्या डब्याला उघडता येत नाहीत. एमएसओ तोच निघाला तर जुना डबा नव्या पत्त्यावर सुरू करता येऊ शकतो. म्हणून घर सोडण्यापूर्वी जुन्या केबलवाल्याकडे डब्याचा क्रमांक सांगून चौकशी करणे फायद्याचे.

मुंबईत हे कधी घडले?

डब्याची सक्ती मुंबईने दोनदा अनुभवली. पहिल्यांदा ‘कॅस’ नावाने, ३१ डिसेंबर २००६ नंतर, तीही शहराच्या दक्षिण भागापुरती. मोफत वाहिन्यांसाठी महिना ७७ रुपये, सशुल्क वाहिनी प्रत्येकी जास्तीत जास्त ५ रुपये, असा दर दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ठरवला होता. डबा भाड्याने घ्यायचा तर ९९९ रुपये अनामत आणि महिना ३० रुपये, किंवा २५० रुपये अनामत आणि महिना ४५ रुपये, असे पर्याय होते. डबा परत केला की अनामत परत, अशी ती कल्पना. डब्याची मालकी कुणाची, याचे उत्तर त्या वेळी तरी स्पष्ट होते.

दुसरी वेळ सर्वांसाठी होती. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि चार महानगरांना ३० जून २०१२ ची मुदत मिळाली. ती वाढून ३१ ऑक्टोबर झाली. त्या मध्यरात्रीनंतर मुंबईत ॲनालॉग केबल बंद करण्यात आली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांची पाळी मार्च २०१३ मध्ये आली आणि ग्रामीण भागासह शेवटच्या टप्प्याची मुदत मार्च २०१७ मध्ये संपली.

या घाईत डबे लाखोंच्या संख्येने वाटले गेले आणि अनेक घरांत पावतीवर ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हा शब्द आला. तो शब्द अनामत सांगत नाही, भाडे सांगत नाही, विक्रीही सांगत नाही. प्रेक्षकाला वाटते आपण डबा विकत घेतला. कंपनीच्या लेखी ते जोडणी सुरू करण्याचे शुल्क असते आणि डबा कंपनीचाच राहतो. बहुतेक भांडणांचे मूळ या एका शब्दात आहे.

नियम काय सांगतो?

‘ट्राय’च्या २०१७ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार डबा विकत, भाड्याने किंवा हप्त्याने, कोणत्या पद्धतीने देत आहोत हे ग्राहकाला सांगणे अपेक्षित आहे. म्हणून पावतीवर नेमका कोणता शब्द लिहिला आहे तो पाहावा. ‘अनामत’ असेल तर डबा परत देऊन रक्कम मागता येते, ‘विक्री’ असेल तर डबा तुमचा. पावतीच नसेल, आणि चाळीत बहुतेकदा ती नसतेच, तर हातात काही उरत नाही.

महिन्याच्या बिलाचे गणितही याच काळात बदलले. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडण्याची पद्धत आली. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जोडणी शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. पुढे तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या देणे बंधनकारक झाले. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने या शुल्कावरची मर्यादाच काढली.

एकच डबा सगळीकडे का चालत नाही?

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. डब्याला तसे स्वातंत्र्य नाही. गंमत म्हणजे डीटीएच परवान्यांत डबे परस्परांत चालावेत, अशी अट सुरुवातीपासून आहे. त्यासाठी डब्यात एक खाच असावी आणि तिच्यात दुसऱ्या कंपनीचे कुलूप उघडणारे कार्ड बसवता यावे, अशी ती योजना. प्रत्यक्षात ते कार्ड आणि त्याची जोडणीच महाग पडे. शिवाय काही कंपन्यांनी जुनी, काहींनी नवी दाबपद्धत वापरल्याने नुसते कार्ड बदलून भागत नसे.

एप्रिल २०२० मध्ये ‘ट्राय’ने सर्व नवे डबे परस्परांत चालणारे असावेत, अशी शिफारस केली. कुलूप डब्यात न ठेवता यूएसबीसारख्या छोट्या उपकरणात द्यावे, म्हणजे कंपनी बदलताना तेवढेच बदलावे लागेल. फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींतही अशा डब्यांचा पुरस्कार आहे, ग्राहकाच्या निवडीसाठी आणि ई-कचरा कमी करण्यासाठी. कंपन्यांचे म्हणणे असे की, डबा आम्ही सवलतीत देतो, ग्राहक तो घेऊन दुसरीकडे गेला तर खर्च कुणी सोसायचा? आणि कुलूप सुटे झाले तर चोरी वाढेल. पहिला मुद्दा व्यापाराचा आहे आणि रास्त आहे. पण मग डबा कंपनीचा असल्याचे पावतीवर लिहून अनामत परत करायला हवी. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही.

अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे अँटेनावरचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, तेव्हा जुन्या टीव्हीला लावायच्या डब्यासाठी सरकारने घरटी ४० डॉलरची दोन कुपन दिली. डबा कोणत्याही दुकानात मिळे आणि कोणत्याही केंद्राचे सिग्नल उलगडे, कारण सिग्नलला कुलूपच नव्हते. केबलचे कुलूप सुटे करण्याचा ‘केबलकार्ड’ प्रयोगही तिथे झाला, पण तो फारसा रुजला नाही आणि २०२० मध्ये त्याची सक्ती गेली. कुलूप आले की अमेरिकेतही डबा कंपनीशीच बांधला जातो.

केबल नको असेल तर?

दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ पासून आहे. डिश आणि डबा एकदा घ्यायचा, मासिक वर्गणी नाही. त्यावर सह्याद्री दिसते. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. केबलचा डबा मात्र त्या डिशला जोडून उपयोग नाही, कारण तारेतून, उपग्रहावरून आणि मनोऱ्यावरून येणारे डिजिटल सिग्नल तीन वेगळ्या पद्धतींनी बांधलेले असतात. अंतर्गत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने मानक प्रसिद्ध केले आहे. असा संच घेतला तर कुलूप नसलेल्या वाहिन्या डब्याविनाही पाहता येतात.

डिशला मात्र मोकळे आकाश लागते. फ्री डिशचा उपग्रह मुंबईतून पाहिला तर आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मधल्या उंचीच्या थोडा वर येतो. चाळीच्या गच्चीवर ते अवघड नव्हते. पुनर्विकसित मनोऱ्यात सातव्या मजल्यावर वायव्येकडे तोंड असलेले घर मिळाले आणि सोसायटीने गच्चीवर डिश लावू दिली नाही, तर पुन्हा त्या इमारतीत आलेल्या केबलवाल्याकडेच जावे लागते, आणि त्याचा डबा घ्यावा लागतो.