काळा दाणा, पांढरा दाणा

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात साधारण सातशे वर्षांपूर्वी एक धर्मगुरू दाणे मोजत बसायचे. कुणीतरी तान्हं बाळ घेऊन यायचं, बाळाला पाण्याचा संस्कार व्हायचा, बाळ भोकाड पसरायचं, घरचे हसत बाहेर पडायचे. मग धर्मगुरू वालाच्या जातीचा एक दाणा उचलून बाजूला टाकायचे. मुलगा असला तर काळा दाणा, मुलगी असली तर पांढरा. जोवान्नी व्हिल्लानी नावाच्या तिथल्या एका व्यापाऱ्याने आपल्या शहराचा इतिहास लिहून ठेवलाय. त्यात १३३८ च्या आसपासची ही हकिगत आहे. वर्षाला साडेपाच ते सहा हजार दाणे जमायचे, म्हणजे तितकीच बाळं. आणि बहुतेक वर्षी काळे दाणे पांढऱ्यांपेक्षा तीनशे ते पाचशेने जास्त भरायचे!

जास्त का? आणि दरवर्षी काळेच का जास्त? हा प्रश्न जरा खिशात ठेवा. पुढे एक डॉक्टर येणार आहेत, ते त्याच्या हात धुऊन मागे लागतात. आधी बघू, त्या बाळांच्या डोक्यावर पाणी कशासाठी पडत होतं.

त्या संस्काराला बाप्तिस्मा म्हणतात. ख्रिस्ती मंडळीत सामील व्हायचं तर सुरुवात इथून होते. तुमच्या वर्गात वसईचं किंवा गोव्याचं कुणी ख्रिस्ती मित्र-मैत्रीण असेल तर विचारा, ‘तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू काय केलंस?’ बहुतेकांचं उत्तर येईल, ‘रडलो म्हणे!’ कारण कॅथलिक घरांत बाळ काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असतानाच हा संस्कार उरकतात.

वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी असा बाप्तिस्मा असला तर नीट बघा. सगळ्यात आधी, अगदी सुरुवातीलाच, फादर आईबाबांना विचारतात की बाळाचं नाव काय ठेवलंय. फादरना नाव ठाऊक नसतं असं मुळीच नाही, पण ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं असतं. मग फादर बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करतात. पाठोपाठ आईबाबा करतात, आणि धर्मपिता व धर्ममाताही करतात. ही दोघं म्हणजे बाळाचे जादा आईबाप समजा. बाळाला श्रद्धेत वाढवायला मदत करू, असं वचन ती देतात. बाळाला बोलता येत नाही, म्हणून ‘सैतानाचा त्याग करता का?’ या प्रश्नाचं उत्तरही मोठ्यांनीच द्यायचं.

मग कुंडापाशी जायचं. बाळाचं डोकं कुंडावर आडवं धरतात आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेत फादर तीनदा पाणी ओततात. एकेका नावाला एकेक वेळ. पाणी कपाळावरून मागे ओघळून कुंडात पडतं. एक हात कायम बाळाच्या मानेखाली असतो. रडणं साधारण दुसऱ्या ओतण्याला सुरू होतं. त्यानंतर टाळूला सुगंधी तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम नावाचा सुवासिक डिंक मिसळून ते केलेलं असतं, आणि बिशप वर्षातून एकदा त्याला आशीर्वाद देतात. बाळाला पांढरं वस्त्र मिळतं. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हातात देतात. पूर्वी बाळाच्या जिभेवर मिठाचा कणही ठेवत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या बाळांनी तेव्हा कशी तोंडं केली असतील, याची कल्पना करा.

पण पाणीच का? आपण म्हणू, पाण्याने मळ जातो, म्हणून पाप धुऊन काढायचं. ते खरंच, पण अर्धंच. पाणी बुडवतंही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे माणूस पाण्याखाली जातो तेव्हा त्याचं जुनं जगणं तिथे संपतं, जणू येशूबरोबर तो थडग्यात जातो. आणि वर येतो तो नव्या जन्माने, येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला तसा. मला स्वतःला हा दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा जास्त भारी वाटतो. धुणं आपण रोजच करतो, पण मरून पुन्हा जन्मणं?

आता सुरुवातीची गोष्ट. जॉर्डन नदीच्या काठी योहान नावाचे एक संत लोकांना पश्चात्ताप करायला सांगत आणि नदीत बुडवून बाप्तिस्मा देत. यहुदी लोकांत शुद्धीसाठी पाण्यात बुडी घ्यायची चाल आधीपासून होतीच. योहानांकडे येशू आले आणि त्यांनीही तिथेच बाप्तिस्मा घेतला, असं बायबल सांगतं. ती जागा म्हणून आज जॉर्डन देशातलं अल-मघ्तास दाखवतात. २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानलं. भूगोलाच्या दृष्टीने ही नदी मोठी अजब आहे. गॅलिलीच्या तळ्यातून बाहेर पडून ती मृत समुद्राला मिळते. सरळ रेघ काढली तर अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, पण नदी इतकी नागमोडी जाते की तिची या टप्प्यातली लांबी त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. आणि वाहते कुठे? समुद्रसपाटीच्या खाली! मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरहून जास्त खाली आहे. कोरड्या जमिनीवर पृथ्वीवर त्याहून खोल जागा नाही. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध बाप्तिस्मा जवळजवळ जगाच्या तळाशी झाला. आता वरच्या अंगाला शेतीसाठी आणि शहरांसाठी इतकं पाणी काढून घेतात की तिथे नदी गढूळ आणि चिंचोळी झालीय. समोरच्या काठावरचा माणूस सहज दिसतो, फक्त तो दुसऱ्या हद्दीत असतो.

याच योहानांचा सण २४ जूनला गोव्यात ‘सांजाव’ म्हणून साजरा होतो. डोक्यावर फुलापानांचं ‘कोपेल’ घालून पोरं भरलेल्या विहिरींत धडाधड उड्या मारतात. योहान आईच्या पोटात असताना आनंदाने उसळले होते, त्या आठवणीची ही उडी, असं सांगतात. पावसाळा नुकताच लागलेला असतो, विहिरी तुडुंब असतात आणि उडी मारायला तेवढंच निमित्त पुरतं.

सगळे ख्रिस्ती लोक बाप्तिस्मा एकाच रीतीने करतात का? छे! ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तान्ह्या बाळालासुद्धा तीनदा पाण्यात बुडवून काढतात आणि त्याच समारंभात डोक्यावरचे थोडे केस क्रुसाच्या आकारात कापतात. आपल्याकडच्या जावळाची आठवण होईल. बॅप्टिस्ट मंडळी म्हणतात, बाळाला काय कळतं? स्वतःला पटलं की मगच बाप्तिस्मा घ्यावा. त्यांच्या चर्चमध्ये चक्क एक हौद असतो. कपडे घालून माणूस त्यात उतरतो आणि पाळक त्याला मागच्या मागे आडवं करून पुरतं बुडवून वर काढतात. आणि मुक्ती फौजेचे लोक? ते पाण्याचा बाप्तिस्मा करतच नाहीत! खूण आतून असावी, असं त्यांचं म्हणणं.

मोठेपणी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतलेले आपल्याकडचे एक प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे कवी ना. वा. टिळक. मुलांसाठी आणि फुलांवर त्यांनी खूप लिहिलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरात आकाश कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. काही वर्षांनी त्यांना स्वतःला पटलं, तेव्हा त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी लिहिलंय. थोडे मोठे झालात की जरूर वाचा. रडवतं आणि हसवतंही, बऱ्याचदा एकाच पानावर.

नियमांची एक गंमत सांगतो. बाळ फार आजारी असेल आणि फादर जवळ नसतील, तर कॅथलिक नियमाप्रमाणे कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. सुईणही देऊ शकते, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही देऊ शकतो. मनात चर्चला अभिप्रेत असलेलंच करायचं असावं, शब्द बरोबर असावेत आणि पाणी खरं असावं, एवढंच पुरे. पाणी मात्र पाणीच हवं. १२४१ साली नॉर्वेतल्या आर्चबिशपनी पोप नवव्या ग्रेगरींना कळवलं, की आमच्याकडे कधी कधी पाणी मिळत नाही, तेव्हा लोक बाळांचा बाप्तिस्मा बिअरने उरकतात. पोपनी उत्तर धाडलं, चालणार नाही!

ब्रिटिश आरमारात वेगळीच तऱ्हा. जहाजावरची पितळी घंटा उलटी करायची, तिच्यात पाणी भरायचं आणि तेच कुंड. बाप्तिस्मा झालेल्या बाळाचं नाव मग घंटेच्या आतल्या बाजूला कोरून ठेवायचे.

सगळ्यात जुन्या कुंडांपैकी एक सापडलं ते सीरियात, युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावात. इसवी सन २५० च्या सुमाराला शत्रू चालून येणार म्हणून गावकऱ्यांनी तटाला आतून आधार द्यायला मातीचा मोठा भराव घातला. तटालगतची घरं त्याखाली गाडली गेली. गाव पडलं आणि सगळे त्याला विसरले. १९३० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा त्या भरावाखाली एक साधं घर निघालं. त्यातल्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड होतं आणि भिंतींवर चित्रं होती. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू. जी माती लढाईसाठी टाकली, तिनेच रंग टिकवले. ती चित्रं आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत.

पुढे मात्र बाप्तिस्म्यासाठी खास इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या कितीतरी आठकोनी! आठवड्याचे दिवस सात. येशू उठला तो शनिवारनंतरचा रविवार म्हणजे आठवा दिवस, नव्या सुरुवातीचा, म्हणून आठ. फ्लॉरेन्समध्ये जिथे दाणे पडत, ती इमारतही आठकोनीच आहे. महाकवी दान्तेचा बाप्तिस्मा तिथेच झाला. अख्ख्या शहराची बाळं त्या एकाच ठिकाणी येत, म्हणून तर दाणे मोजून शहरातली बाळं मोजता येत.

आता खिशातला प्रश्न काढा.

दाण्यांनंतर वह्या आल्या. इंग्लंडमध्ये १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चनेही बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची केली. शेक्सपिअरचा जन्म नेमका कुठल्या दिवशी झाला हे आपल्याला कळत नाही, पण २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला हे मात्र पक्कं, कारण वहीत आहे.

लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाचा एक कापडवाला होता. लोक अशा नोंदी वाचून विसरून जात, हा बेरजा करत बसला. १६६२ साली त्याने पुस्तक काढलं आणि दाखवून दिलं की लंडनमध्ये मुलींपेक्षा मुलांचे बाप्तिस्मे जास्त होतात. मग आले आपले डॉक्टर, जॉन आर्बथनॉट. इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचे वैद्य. १६२९ ते १७१० अशा ८२ वर्षांचे आकडे त्यांनी मांडले. ८२ पैकी किती वर्षी मुलं जास्त निघाली असतील? ८२!

योगायोग असेल का हो? एक नाणं घ्या आणि उडवा. छापा पडला तर मुलं जास्त, काटा पडला तर मुली जास्त. लागोपाठ दहा वेळा छापा पाडून दाखवा. हजारेक प्रयत्नांत एकदा जमेल. लागोपाठ ८२ वेळा? एकपासून सुरू करून ८२ वेळा दोनने गुणत जा, जो आकडा येईल तितक्यांत एकदा. ४८ लिहून पुढे २३ शून्यं काढा, साधारण तेवढा तो आकडा. म्हणजे हा योगायोग नव्हेच! आर्बथनॉट म्हणाले, ही देवाची योजना आहे, कारण पुरुष लवकर मरतात, म्हणून जन्मतात जास्त. आज शास्त्रज्ञ एवढं सांगतात की जगभर नैसर्गिकरीत्या दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. योगायोग आहे की नाही हे असं गणिताने ताडून बघण्याची पद्धत संख्याशास्त्रात आता रोज वापरतात. नवं औषध खरंच लागू पडतं का, हेसुद्धा त्याच विचाराने ठरवतात. तिचं पहिलं ठळक उदाहरण म्हणून बाप्तिस्म्याच्या याच आकड्यांकडे बोट दाखवतात.

मात्र एक गोम आहे. वहीत फक्त बाप्तिस्मा झालेली बाळं असतात. लंडनमधली यहुद्यांची बाळं तिथे नाहीत, बॅप्टिस्टांची नाहीत, बाप्तिस्म्याआधीच गेलेलीही नाहीत. कुठलाही आकडा हातात आला की यात कोण राहिलं, हे आधी विचारावं. ग्रॉन्टलाही हे ठाऊक होतं.

आणि कधी कधी वही बरोबर असते, पण माणूसच ऐकत नाही. थोर संगीतकार बेथोव्हनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी बॉन शहरात झाला. पण आपण १७७२ मध्ये जन्मलो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १८१० साली त्याने बालमित्राला पत्र लिहून आपला बाप्तिस्म्याचा दाखला मागवला आणि बजावलं, की सांभाळून बघ, माझ्याआधी माझ्याच नावाचा एक भाऊ होऊन गेलाय, त्याचा उचलू नकोस. असा भाऊ खरोखरच होता, पण तो १७६९ चा, आणि तो काही दिवसांचा असतानाच गेला. दाखला आला तो बरोबर १७७० चा. बेथोव्हनने तो पाहिला, उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहून ठेवलं की हा दाखला चुकीचा दिसतोय.