कोणत्या गंजाला कोणती राख?

परवा सिंदेवाहीत एका ओळखीच्या घरी नवाकोरा स्टीलचा गंज ओरखड्यांनी भरलेला दिसला. राइस मिलमधली राख लावून घासत होते.

आपल्या धानपट्ट्यात ही राख सहज मिळते, पण ती तुसाची. तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे जवळजवळ बारीक वाळूच! जुन्या पितळी गुंडाला एकवेळ चालेल. स्टीलला, नॉनस्टिकला नाही.

चुलीतली लाकडाची राख वेगळी. तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा साबणासारखा काढतं. चाळून, ओली करून थोडा वेळ लावून ठेवा, मग घासा.

ॲल्युमिनियमला मात्र राख नको नि सोडाही नको, काळं पडतं. त्यात पाणी अन् चिंच घालून उकळा.

स्टीलच्या गंजात भात करपला तर लगेच तारेची घासणी कशाला? पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून उकळा, थंड होऊ द्या. खरवड पापुद्र्यासारखी सुटते.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर क्षारांचा. तो लिंबाने विरघळतो.

आणि चुलीवर ठेवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या. काजळी मातीसकट धुतली जाते. आपल्या आज्या हेच करायच्या.

तुमचा कोणता डाग निघत नाहीये? विचारा, फक्त भांडं कशाचं आहे ते आधी सांगा.