पुस्तक मोफत, पडदा पदरमोडीचा

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली. राज्यभरातल्या मुलांच्या हाती चांगलं आणि परवडणारं पुस्तक पडावं, हा त्यामागचा हेतू. तरी कित्येक घरांत जुन्याच पुस्तकांवर भागायचं. निकाल लागायच्या आधीच वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं निम्म्या किमतीत ठरलेली असत. कव्हर नवं, आतल्या रिकाम्या जागा मात्र पेन्सिलीने आधीच भरलेल्या!

पुढे सर्व शिक्षा अभियान आलं, १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तकं मोफत मिळू लागली. छपाईपासून वाटपापर्यंतचा खर्च सरकारने उचलला.

डिजिटल शिक्षणाचं तसं झालं नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल म्हणून गाजली आणि गावोगावचे शिक्षक लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅबलेट जमवू लागले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आले. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येऊ लागली. पण कोड स्कॅन करायला फोन लागतो, फोनला रिचार्ज लागतो, प्रोजेक्टरला वीज लागते आणि शाळेचं वीजबिल थकलं की जोडणी तुटते. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, आणि भावंडं तीन, अशी घरं उघडी पडली. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका अनेकांना जवळची वाटली, कारण तिला रिचार्ज लागत नव्हता.

२०२३ मध्ये सरकार पुन्हा कागदाकडे वळलं. पुस्तकाचे चार भाग करून त्यातच वहीची पानं घातली. दप्तर हलकं व्हावं, वह्यांचा खर्च वाचावा, हा उद्देश. मुलं मात्र वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती पानं काढून टाकण्याचा निर्णय झाला.

या साठेक वर्षांत सरकारला पुस्तकाचा खर्च नेमका कळला, कारण तो छपाईच्या बिलात दिसतो. ई-साहित्याचा खर्च शिक्षकाच्या खिशात, पालकाच्या रिचार्जमध्ये आणि गावच्या वर्गणीत विखुरलेला आहे. वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती यांची तरतूद पुस्तकांसारखीच दरवर्षी अंदाजपत्रकात होत नाही, तोवर ‘मोफत’ हा शब्द छापील पुस्तकापुरताच खरा.