केसाहूनही बारीक मोकळीक

आमच्या जुन्या चेतकचं इंजिन बोअर करायला टाकलं, तेव्हा मी मिस्त्रींना बजावलं, ‘पिस्टन अगदी घट्ट बसवा हं!’ मिस्त्री हसले. ‘साहेब, घट्ट बसवला तर घाटात चिकटेल.’

मुळात ५७ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, ओव्हरसाइझ पिस्टनसाठी किंचित मोठा केलेला. मिस्त्रींनी पिस्टन मायक्रोमीटरनं खालच्या घेरावर, पिनेच्या काटकोनात मोजला. मग सिलिंडरमध्ये बोअर गेज उतरवून वर, मध्ये आणि तळाशी, दोन्ही दिशांनी आकडे घेतले. दोहोंतला फरक म्हणजे मोकळीक; तीही मिलिमीटरच्या शतांशांत. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या जवळपास दुप्पट फुगतो. इथं थंड करायला पाणी नाही, नुसता वारा. मोकळीक कमी पडली तर पिस्टन जाम, जास्त झाली तर खडखडाट!

बँकेत मी एका पैशाचा फरक सोसला नाही. घरीही तोच खाक्या. मुलाचे मार्क, मित्र, येण्याजाण्याच्या वेळा, सगळ्याचा ताळा हवा. तो दूर गेला. फोन करतो, पण मोजकंच बोलतो.

त्या रात्री मी त्याला काहीच विचारलं नाही. फक्त स्कूटरचं सांगितलं. तो बराच वेळ बोलत राहिला.